कारल्याच्या पडद्याआडचा आवाज

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही या. कीर्तनात मागे बसणारा पूर्वरंगात पेंगतो आणि उत्तररंगात शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारतो, "काय झालं हो?" आज तसं चालायचं नाही. आज मी तुम्हांला एका खुनाची गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका, खून माणसाचा नाही, वेलाचा आहे. पण खुनी मात्र आपल्याच पंगतीतला आहे, म्हणून म्हणतो, जवळ या.

१

मी सदानंद. जपानात, इचिकावाला मुलाकडे राहतो आणि सिंधूच्या कीर्तनात मागे उभा राहून झांज धरतो. गोष्टीला माझी एवढीच ओळख पुरे.

सिंधू दिवसा कावासाकीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. महिन्याच्या चौथ्या रविवारी मात्र नऊवारी नेसून, गळ्यात हार घालून उभी राहते, आणि मग ती आमची सिंधू राहत नाही. नमनालाच अंगावर काटा येतो. पोरंटोरं, जी घरी आईला जपानीत उत्तरं देतात, तीही टाळ्या धरतात.

जागा म्हणजे गल्लीचं सभागृह, तिथल्या चोनाइकाईचं, म्हणजे गल्लीच्या समितीचं. उन्हाळ्यात आत भट्टी होते, म्हणून कीर्तन पडवीत आणि श्रोते बाजूच्या अंगणात. गल्लीपलीकडे लगेच घरं. समितीची अट एकच: फाटकावर आवाज मोजायचं यंत्र लटकवायचं, आणि आकडा साठच्या वर जाता कामा नये.

या देशात उन्हाळ्यात खिडक्या-पडव्यांवर जाळी बांधून कारल्याचा वेल चढवतात, ऊन अडवायला. पडवीवरचा आमचा वेल शैलजाकाकूंनी लावलेला. गल्लीकडची अख्खी बाजू हिरवीगार झाकून टाकलेली. काकू इथे वीस-बावीस वर्षं आहेत. यजमान गेले, मुलगा ओसाकाला. सिंधू येण्याआधी इथलं भजनी मंडळ त्यांनीच चालवलं, एकटीच्या गळ्यावर. जुलैच्या कीर्तनाच्या शेवटी सिंधूने आभार मानले तेव्हा म्हणाली, "आणि आपल्या कारलेवाल्या काकू!" सगळे हसले. काकूही हसल्या.

ऑगस्टमध्ये वादळ आलं. आदल्या दिवशी काकूंनी घरोघर भरल्या कारल्यांचे डबे पाठवले होते. माझ्या वाट्याला सहा आली, सून आणि मुलगा बघत राहिले. वादळानंतर पाहतो तो पडवीवर नुसती जाळी लोंबतेय, वेल गायब. मी मनात म्हटलं, निदान शेवटची कारली तरी पोटात गेली.

त्यानंतरच्या रविवारी कीर्तन झालं, सुदाम्याचं आख्यान. काय रंगलं! शैलजाकाकू तर त्या दिवशी अंगणात न बसता गल्लीतल्या बाकावर बसल्या होत्या, डोळे घट्ट मिटून. मला वाटलं, लागली समाधी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सतरंज्या आवरत होतो, तेव्हा चोनाइकाईच्या प्रमुख होरिगुची-सान फाटकाशी आल्या. निवृत्त शिक्षिका, छत्री हातात, तीनदा वाकल्या. इतकं वाकणं म्हणजे बातमी वाईट, हे मी आता ओळखतो.

"या वेळी आवाज फार मोठा होता," त्या म्हणाल्या. "तीन घरांनी सांगितलं. मलाही तसंच वाटलं. आणि ते नवे दोन मोठे स्पीकर... रविवारी सभा आहे. बहुधा जागा परत घ्यावी लागेल. क्षमा करा."

त्या गेल्या, आणि पेटीवर बसणारे विनायकराव भर अंगणात ओरडले, "सुरेश! बटण कुणी पिळलं?"

सुरेश म्हणजे सिंधूचा नवरा. आवाजाचं बटण त्याच्या हाती. तो पांढराफटक पडला. "अहो, यंत्र बघा ना. जुलैत जेवढा आकडा, तेवढाच ऑगस्टला. साठच्या आत!"

"मग तीन घरांच्या कानांत भूत शिरलं का?"

सिंधूने चिपळ्या खाली ठेवल्या. "माझ्या कीर्तनापायी माझ्या नवऱ्याला खोटारडा ठरवणार असाल, तर रविवारच्या सभेची वाटही बघायला नको. मी थांबते."

तेवढ्यात फाटकातून कुणीतरी म्हणालं, "आवाज वाढलाच नाही, हे खरं. आणि त्यांना जास्त ऐकू आला, हेही खरं. मग मधे काय बदललं?"

२

ती अस्मिता. सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करते. कशाचं, ते मला पहिल्यांदा ऐकून थट्टाच वाटली होती: बाहेरचा आवाज माणूस कानांनी किती ऐकतो आणि डोळ्यांनी किती. समोर झाडी दिसत असली तर रस्त्याची घरघर कमी टोचते. तीच घरघर उघड्या डांबराकडे बघत ऐकली तर डोकं उठतं. टोकियोकडे काम निघालं की ती शैलजाकाकूंकडे उतरते. काकू तिला लेक म्हणतात. तिच्या प्रयोगाला पहिल्यांदा काकूच बसल्या होत्या, त्यांच्याच गॅलरीत, आगगाडीच्या रुळांसमोर.

"सदानंदकाका, तुम्ही सगळ्यांना ओळखता. माझ्याबरोबर फिरा," ती म्हणाली. झालं, मी झांज सोडून गुप्तहेर झालो.

पहिला सुरेश. त्याने यंत्रं मांडूनच ठेवली होती.

"खरं सांग, तुला सिंधूचा हेवा वाटतो का रे?" अस्मिताने असं थेट विचारलं की मीच खोकलो.

सुरेश थोडा वेळ वायर गुंडाळत बसला. "वाटतो. ऑफिसात माझ्या प्रोजेक्टबद्दल कुणी विचारत नाही, म्हणतात, 'तुम्हीच का सिंधू-सानचे मिस्टर?' स्टेशनवर बायका हात जोडतात, तिला. मी बाजूला, पिशवी धरून. पण ताई, हेवा वाटला म्हणून मी बटण पिळीन? हे बघ."

बटणाच्या कडेवर एक लाल टिकली होती, अर्धी बटणावर, अर्धी खोक्यावर. "जून महिन्यात आकडा ठरला तेव्हा सिंधूने स्वतःच्या कपाळाची काढून लावली. बटण केसभर फिरलं तर टिकली निघणार किंवा फाटणार."

टिकली शाबूत होती. तिच्यावर धूळ बसून कडा चिकटल्या होत्या. नव्याने लावलेली नव्हे.

"आणि ते दोन मोठे स्पीकर?" अस्मिताने विचारलं.

"ते?" सुरेश हसला. "ते मुके आहेत. भजनी मंडळाचे जुने. खोलीत ओल येते, पडवीत ठेव म्हणाल्या, ठेवले. वायरच जोडलेली नाही त्यांना."

"कोण म्हणालं?"

"काकू."

त्यानंतर रस्ताभर अस्मिता माझ्या दोन पावलं पुढेच चालत होती.

३

विनायकरावांनी आम्हांला स्टेशनजवळच्या कोंबिनीबाहेर, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाबाहेर गाठलं, हातात थंड कॉफीचा डबा. सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे असते. वादळानंतर पहिले तेच गेले होते, आणि "वेल वादळानं नेला" ही बातमी त्यांचीच.

"पत्रकावर कुणाचं नाव असतं? सिंधूचं," ते सुरू झाले. "पेटीची साथ कोण, हे कुणी छापतं? आख्यानात ती थांबते तेव्हा पोकळी कोण भरतं? मी! गेल्या वेळी एक बाई मला म्हणाल्या, 'तुम्ही खुर्च्या लावता ना?'"

मला हसू आवरेना. "विनायकराव, तुम्ही खुर्च्याही लावताच की."

"काका, तुम्ही गप्प बसा!"

"मग किल्लीने पडवी उघडून वेल तुम्ही तोडलात?" अस्मिता म्हणाली.

"वेल? वेलाचा काय संबंध? मी आवाजाबद्दल बोलतोय. मध्यंतरात बुक्का लावायला सगळे गर्दी करत होते, सिंधूची गवळण चालू होती, तेव्हा मी पाणी प्यायला गल्लीत गेलो. माझ्या कानांनी ऐकलं. जुलैपेक्षा दीडपट! सुरेशने काहीतरी केलंय, आणि मी सभेत तसं सांगणार. माझा कान पेटीवाल्याचा आहे, फसायचा नाही."

त्यांना सोडून आम्ही पुढे आलो. अस्मिता म्हणाली, "हे सुटले."

"कसे? हेव्याने तर पिकलेत."

"पिकलेत, पण फसलेतही. ज्याने हे घडवलं त्याला ठाऊक होतं की आवाज वाढणार नाही, फक्त वाढल्यासारखा वाटेल. विनायकरावांना अजूनही खरंच वाटतंय की तो वाढला."

"अगं, पण वेल तर वादळाने..."

"वादळाने नेला, हे कुणी पाहिलं, काका?"

कुणीच नाही.

४

पाहिलं होतं, पण वेगळंच. होरिगुची-सानच्या ओट्यावर आम्हांला गार चहा मिळाला, आणि शिक्षिकेच्या तोंडून कौतुक. त्यांच्या खिडकीवरही कारल्याचा हिरवा पडदा होता, चाकांच्या कुंड्यांत.

"तुमच्या वेलाबद्दल वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "पण वादळाआधी काढून टाकलात ते शहाणपणाचं. आणि किती शिस्तीत! त्या आठवड्यात कचऱ्याच्या जागेवर माझी पाळी होती. जळणारा कचरा न्यायच्या दिवशी सकाळी बघते तो वेलाच्या सारख्या लांबीच्या मोळ्या, दोरीने बांधलेल्या, पानं वेगळ्या पिशवीत. परदेशी माणसं इतकं नीट करत नाहीत. अरेरे, क्षमा करा."

"सकाळी, म्हणजे वादळाच्या आधी?"

"आदल्या दिवशी. आभाळ अजून निळं होतं."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. आदल्या दिवशी... आदल्या दिवशी तर डबे आले होते. सहा कारली माझ्या एकट्याच्या वाट्याला. इचिकावातल्या सगळ्या मराठी घरांत त्या दिवशी एकच भाजी होती. एका वेलावरची एवढी कारली एकाच दिवशी कोण उतरवतं? ज्याला ठाऊक आहे की उद्या वेल नसणार.

"अस्मिता," मी मराठीत पुटपुटलो, "नको ना ते."

"मलाही नकोय," ती म्हणाली. "पण काका, डोळ्यांमुळे कान फसतात हे या गल्लीत दोघींनाच माहीत होतं. एक मी. आणि दुसरी, जिला मी गॅलरीत बसवून शिकवलं. 'खरा आवाज ऐकायचा तर डोळे मिटून घ्या, काकू.' तुम्हीच सांगितलंत, ऑगस्टला त्या बाकावर कशा बसल्या होत्या."

समाधी म्हणत होतो मी तिला.

५

काकूंच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर कारल्याच्या बिया वाळत घातल्या होत्या. लाल गर धुऊन काढलेला, एकेक बी सुटी. वेलाला मारणाऱ्याने त्याचं बीज मात्र लेकरासारखं जपलं होतं.

अस्मिताने त्यातली एक बी उचलली आणि ठेवली. "पुढच्या वर्षी कुठे लावणार, काकू?"

काकू कणीक मळत होत्या. हात थांबले नाहीत. "कळलं वाटतं तुला."

"माझंच शास्त्र वापरलंत. मला कसं वाटलं असेल?"

"चांगली विद्यार्थिनी आहे असं वाटलं असेल." मग कणकेचा गोळा त्यांनी परातीत आपटला. "बावीस वर्षं गायले गं मी इथे. यजमानांच्या तेराव्यानंतरच्या एकादशीलाही गायले. सिंधू आली, देवाने तिला गळा दिला, बुद्धी दिली, माझी काही तक्रार नाही. पण माझी एकेक बाई उठून तिच्याकडे गेली, आणि मग मला काय म्हणाली? कारलेवाली काकू! अंगणभर हसले. सदानंदभावजी, तुम्हीही हसलात."

हसलो होतो.

"त्या रात्री जाळीखालून गेले तर कारली लोंबत होती, आणि मला वाटलं, प्रत्येक कारलं मला तेच म्हणतंय. घ्या, म्हटलं, काढूनच टाकते तुम्हांला. उघडी पडू दे तिला. मग बघू किती गोड लागते गल्लीला. पुढे वादळाची बातमी आली आणि निमित्त मिळालं."

मंडळी, इथे क्षणभर थांबतो. षड्रिपूंत मत्सर शेवटी मोजतात, पण त्याची चाल बघा. क्रोध दार ढकलून येतो, लोभ पिशवी घेऊन येतो. मत्सर चपला काढतो, पाय धुतो, पंगतीत येऊन बसतो, वाढायलाही लागतो. आम्ही सगळ्यांनी त्याच्या हातची भरली कारली मिटक्या मारून खाल्ली.

"सुरेशवर येईल हे मनात नव्हतं माझ्या," काकू हळू म्हणाल्या. "बाकावर बसून डोळे मिटले, आवाज तेवढाच होता. उघडले, तर कानावर आदळला. म्हटलं, झालं काम. आणि तेव्हाच कळलं, मी चुकले. पण बोलायला तोंड कुठून आणू?"

"तुमचं नाव मी घेणार नाही," अस्मिता म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बघा. पण सभेत मला प्रयोग करायचाय आणि त्याला गळा लागेल. सिंधूचा बसलाय, चार दिवस रडतेय ती."

काकूंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "माझा?"

६

रविवारी दुपारी सभा. एका बाजूला चोनाइकाईची माणसं, दुसऱ्या बाजूला आम्ही, विनायकराव सुरेशकडे खाऊ की गिळू बघताहेत. होरिगुची-साननी स्वतः टिकली तपासली आणि बटणावर वरून चिकटपट्टी लावली. यंत्र फाटकावर, पण अस्मिताने त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं, कुणाला आकडा दिसू नये म्हणून.

शेजाऱ्यांना गल्लीत बसवलं. पहिल्यांदा पडवी उघडी, मागे ते दोन मुके काळे स्पीकर. काकू उभ्या राहिल्या आणि विठ्ठलाचा गजर धरला, विनायकराव पेटीवर. मग चहा. मग होरिगुची-सानच्या आणि आजूबाजूच्या घरांच्या चाकांच्या कुंड्या आम्ही ढकलत आणल्या, कारल्यांनी लगडलेल्या, आणि पडवीसमोर उभ्या केल्या. स्पीकर त्यांच्याआड गेले. तोच गजर. मग कुंड्या बाजूला सारून पुन्हा एकदा उघड्यावर.

"किती मोठा वाटला, एकपासून दहापर्यंत बोटं दाखवा," अस्मिताने सांगितलं होतं. उघड्यावर आठ, नऊ बोटं. हिरव्या पडद्याआड पाच. पुन्हा उघड्यावर आठ. एका आजोबांनी तर दोन्ही हात वर केले.

"मधल्या वेळी आवाज कमी केलात," ते म्हणाले. "असाच ठेवा, मग आमची तक्रार नाही."

अस्मिताने यंत्र आणून त्यांच्या हातात दिलं. तिन्ही वेळचा आकडा एकच. होरिगुची-साननी टिकली पाहिली, शाबूत. विनायकरावांनी पाहिली, मग स्वतःचे कान चोळले.

"पानं आवाज अडवत नाहीत," अस्मिता म्हणाली. "वाऱ्यासारखा तो त्यांच्यातून जातो. सगळीकडे असंच घडतं असंही नाही, कधी उलटही होतं. पण या गल्लीत तुमचे कान तुमच्या डोळ्यांचं ऐकताहेत. सुरेशभाऊंनी काही केलं नाही. फक्त वेल गेला, आणि मुके स्पीकर पुढे आले."

विनायकराव उठले, सुरेशपाशी गेले, घसा खाकरला. "अरे, ते... पुढच्या वेळी खुर्च्या आपण दोघं लावू." एवढीच त्यांची माफी. सुरेशला पुरली.

होरिगुची-सान मात्र अजून विचारात होत्या. "दोन प्रश्न राहिले. मधल्या वेळी कुंड्यांआडून आवाज हळू होता, आणि फार गोड. गाणारी कोण होती?"

"तिन्ही वेळा त्याच," सिंधू बसक्या आवाजात म्हणाली. "शैलजाकाकू."

"आणि मग वादळाआधी वेल कापला कुणी?"

अस्मिता जमिनीकडे बघत होती. मी झांज छातीशी धरली. तेवढ्यात पडवीतून बावीस वर्षांच्या स्वच्छ जपानीत उत्तर आलं.

"वाताशी देस." मग आमच्याकडे वळून, "मीच. सिंधूचा हेवा वाटला म्हणून."

काकू जपानी रीतीने कमरेत वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. बायकांत कुजबुज उठली. सुरेशने तोंड फिरवलं, त्याला राग यायलाच हवा होता. सिंधू जागची उठली. मला वाटलं, आता फाटकाबाहेर जाणार.

ती पडवीत चढली. "काकू, सरळ व्हा," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तुमच्यापुढे उभी राहतेय आणि तुमचा गळा मी आज ऐकला. मीही डोळ्यांनीच ऐकत होते. मला नुसतं कारलं दिसलं." तिने आपल्या गळ्यातली चिपळ्यांची पिशवी काढून काकूंच्या हातात दिली. "चौथ्या रविवारचं नमन तुमचं. मी मागे उभी राहून ध्रुपद धरते."

"आणि स्पीकर?" सुरेश अजून तोंड फिरवूनच होता.

"भंगारात," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "मोठा कचरा न्यायला लागते ती चिठ्ठी मी चिकटवते. नीट बांधून."

तो हसला. मग सगळे. होरिगुची-सानना कळलं नाही काय झालं, पण त्या वाकल्या. या वेळी एकदाच. जागा राहिली. त्यांच्या कुंड्याही पडवीतच राहिल्या, सप्टेंबर सरेपर्यंत.

आता त्या पडवीवर नवा वेल आहे, वर्तमानपत्रावर वाळवलेल्या त्याच बियांचा. सुरुवातीचे बोल त्याच्याआडून येतात, मग सिंधू पुढे येते. हेवा संपला का? काकू म्हणतात, "नाही हो भावजी, चौथ्या रविवारी येतो अजून. पण आता त्याला ओळखते, दाराशीच बसवते."

चला, आरतीची वेळ झाली. जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या पानात कधी भरलं कारलं पडलं, तर पहिला घास घेण्याआधी क्षणभर डोळे मिटा आणि आमच्या शैलजाकाकूंची आठवण काढा. कारल्यासाठी नव्हे हो. गळ्यासाठी.